हीटर घेण्याआधी भिंतीतली वायर पाहा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत थंडीत घर उबदार ठेवण्याविषयी जो मजकूर आला, त्यात पाचगणी, महाबळेश्वर आणि कास रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या नव्या बंगल्यांना परदेशातल्याप्रमाणे ‘इलेक्ट्रिक फर्नेस’ बसवावी आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांनी निदान ‘कमी वीज खाणारा’ हीटर घ्यावा, असे सुचवले आहे. तो वाचून गेल्या आठ दिवसांत मला तिघांचे फोन आले. त्यांपैकी एकाने तर बंगल्याच्या नकाशात फर्नेससाठी वेगळी खोलीसुद्धा काढून ठेवली आहे. वीज वितरणाच्या नोकरीत 31 वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि थंडीच्या मोसमात जळके सॉकेट, वितळलेले प्लग आणि ‘मीटर पळतंय’ अशा तक्रारी घेऊन येणारी माणसे यांच्यातच त्यातली बरीच वर्षे गेली, म्हणून या दोन्ही सूचनांविषयी जरा सविस्तर लिहितो.

आधी फर्नेस. किर्लोस्करवाडीचा माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वितळलेले बीड असते, आणि विट्याकडच्या गलाईच्या धंद्यातल्या माणसापुढे सोने. अमेरिकेत घरातली फर्नेस म्हणजे मात्र एक उभे लोखंडी कपाट. माझी मुलगी वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन येथे राहते. तिच्याकडे एक हिवाळा काढला तेव्हा तळघरातले हे कपाट मी झाकण उघडून पाहून घेतले. आत नायक्रोमच्या तारेची वेटोळी, प्रत्येकी 5 किलोवॉटची, अशी तीन. खाली मोठा पंखा. घरातून परत येणारी हवा गाळणीतून पंख्याकडे जाते, वेटोळ्यांवरून तापून पत्र्याच्या नळांतून प्रत्येक खोलीत पोहोचते. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने मागणी केली की तिन्ही वेटोळी एकदम चालू होत नाहीत; सिक्वेन्सर नावाचा रिले त्यांना थोड्या थोड्या अंतराने एकामागून एक पुढे आणतो, नाहीतर साऱ्या घराचे दिवे मिचकावले असते. गाळणी धुळीने तुंबली आणि हवा पुरेशी फिरेनाशी झाली, तर लिमिट स्विच वेटोळी बंद करतो. यंत्र म्हणून मला ते फार आवडले, हे कबूल करतो.

पण हिशेब पाहा. अशी 15 किलोवॉटची फर्नेस तासभर सलग चालली तर 15 युनिट जातात. आमच्या दोन माणसांच्या घरात तेवढी वीज चार-साडेचार दिवस पुरते. सिंगल फेजवर 230 व्होल्टला तिला 65 अँपिअर लागतील. म्हणजे आपल्याकडे थ्री फेज जोडणी, वाढीव मंजूर भार आणि त्याचा स्थिर आकार हे सगळे आधी आले, आणि तो आकार वर्षाचे बाराही महिने भरायचा. स्पोकेनमध्ये हे चालते, कारण बाहेर उणे 10 अंश असतात, घराच्या भिंतींत आणि माळ्यावर उष्णतारोधक थर भरलेला असतो, खिडक्यांना दुहेरी काच असते, आणि तिथून दीड-दोन तासांच्या अंतरावर कोलंबिया नदीवरचे ग्रँड कुली धरण आहे. त्या एका धरणाची वीजनिर्मितीची क्षमता सुमारे 6800 मेगावॉट आहे आणि त्या नदीवर अशी आणखीही धरणे आहेत. तिथे विजेवर घर तापवण्याची चाल पडली ती त्या पाण्यामुळे. अमेरिकेत इतर अनेक राज्यांत गॅसवरची फर्नेसच अधिक दिसते.

आमच्याकडेही कोयना आहे, असे कुणी म्हणेल. कोयनेची सगळे टप्पे आणि पायथ्याचे वीजगृह मिळून 1960 मेगावॉट क्षमता आहे, याचा अभिमान मलाही आहे. परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे, त्यामुळे ही वीजगृहे मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी राखावी लागतात. हिवाळ्यातली सकाळ, जेव्हा गावोगावचे गिझर एकदम लागतात, ही तशीच एक वेळ. त्याच वेळी 15 किलोवॉटची कपाटे चालू करावीत, हा सल्ला मला तरी देववत नाही.

आता ‘कमी वीज खाणारा हीटर’ या शब्दप्रयोगाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी दिशाभूल तिथे आहे. विजेच्या एका युनिटापासून 860 किलोकॅलरी उष्णता मिळते. ती कमी होत नाही आणि कोणत्याही कंपनीच्या कारागिरीने वाढतही नाही. लाल होणारा रॉडचा हीटर, हॅलोजनचा, पंख्याचा, सिरॅमिकचा, तेल भरलेला फण्यांचा, काचेच्या तावदानासारखा दिसणारा महागडा आणि तळघरातले ते अमेरिकन कपाट, या सगळ्यांना एक युनिट दिले की ते 860 किलोकॅलरीच परत देतात. अमेरिकन कपाटाचे तर त्याहून वाईट, कारण त्याची उष्णता पत्र्याच्या नळांतून जाते आणि नळांच्या सांध्यांतून गळते; तिथल्या सर्वसाधारण घरांत नळांतली 20 ते 30 टक्के हवा अशी वाटेतच जाते, असे तिथले सरकारी माहितीपत्रकच सांगते. दुकानात ‘काका, हा लाइट खात नाही’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की हा हीटर 800 वॉटचा आहे आणि शेजारचा 2000 चा. तो वीज कमी खातो हे खरे, पण ऊबही त्याच प्रमाणात कमी देतो. तेलाच्या हीटरविषयी असाच एक समज आहे की एकदा तेल तापले की पुढे वीज लागत नाही. तेल उष्णता साठवते, हीटर बंद केल्यावर ती पाऊण-एक तास सोडत राहते. पण ती तेलात गेली होती तुमच्याच मीटरमधून.

मग या प्रकारांत फरक नाहीच का? आहे, पण तो उष्णता किती यात नसून ती कुठे आणि कशी पडते यात आहे. रॉडचा किंवा हॅलोजनचा हीटर समोरच्या माणसाला उन्हासारखा तापवतो, मधल्या हवेला फारसा नाही. कौलारू, वारा खेळणाऱ्या घरात पुस्तक वाचत बसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तोच योग्य, फक्त अंथरूण, पडदे आणि धोतराचा सोगा त्यापासून तीन फूट दूर हवा. पंख्याचा हीटर लहान खोली झटपट तापवतो आणि आवाज करतो. रात्रभर बंद राहणाऱ्या स्लॅबच्या खोलीत, विशेषतः लहान मूल असेल तर, तेलाचा हीटर बरा, कारण त्यात काही लाल होत नाही, त्याचा आवाज येत नाही आणि थर्मोस्टॅटवर तो आपला आपण बंद-चालू होत राहतो. हीटर खोलीतला प्राणवायू जाळतो असेही लोक समजतात. विजेचा हीटर काहीच जाळत नाही. नाक कोरडे पडते ते वेगळ्या कारणाने: 10 अंशांवरच्या 80 टक्के आर्द्रतेच्या हवेला 20 अंशांपर्यंत तापवले की तिची सापेक्ष आर्द्रता 42 टक्क्यांच्या आसपास येते, बाष्प तेवढेच असले तरी. कोपऱ्यात पाण्याचे भांडे ठेवावे, एवढाच त्यावर उपाय. प्राणवायू खरोखर जाळते ती कोळशाची शेगडी, आणि दारे-खिडक्या लावून ती खोलीत घेऊन झोपल्याने माणसे मेली आहेत. हॉटेलांच्या खोल्यांतून तिला अजून जागा मिळते याचा मला संताप येतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तेच.

किती वॉटचा घ्यावा, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर हीटरच्या खोक्यावर नसते, घरात असते. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यातल्या हवेचे वजन 40 किलोच्या आसपास भरते. ही हवा आठ अंशांनी तापवायला एका युनिटाचा दहावा हिस्साही लागत नाही. 2000 वॉटचा हीटर ते काम पावणेतीन मिनिटांत करील. तरीही आपल्या अनुभवात खोली तापायला अर्धा तास लागतो आणि हीटर बंद करताच पुन्हा गारठा येतो, कारण उरलेली सगळी उष्णता भिंती, फरशी, छत आणि दाराखालची फट पिऊन टाकतात. साधारण बांधकामाच्या, स्लॅबच्या, बंद खोलीला चौरस फुटाला 10 वॉट असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे वरच्या खोलीला 1200 वॉट पुरतात आणि 1000 व 2000 अशा दोन पायऱ्यांचा हीटर उत्तम. वर नुसता पत्रा असेल तर हा हिशेब कोलमडतो. कौलांतून तर हवा सतत बदलत असते आणि दर बदलीला तापवलेली 40 किलो हवा बाहेर जाते. अशा घरात मोठा हीटर घेण्याऐवजी आधी छताखाली लाकडी किंवा जिप्समचा माळा करून घ्यावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि दाराशी जुनी वाकळ गुंडाळून ठेवावी. अमेरिकेत फर्नेस विकणाऱ्याने आधी घराचा असा उष्णतेचा हिशेब मांडावा अशी रीत आहे, आणि गरजेपेक्षा मोठी फर्नेस बसवली तर ती सारखी बंद-चालू होऊन त्रास देते हे तिथला कारागीर गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. आपण कपाट आणायला निघालो, हिशेब मात्र तिथेच ठेवून आलो.

घर नेमके कुठे आहे, हेही पाहावे लागते. महाबळेश्वर 1372 मीटर उंचीवर आहे, तरी गावाच्या बाजारपेठेत जेवढी थंडी असते त्याहून कितीतरी अधिक वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखलात असते. रात्री गार होऊन जड झालेली हवा पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगट जागी साचते; काही पहाटे तिथे गवतावरचे, गाड्यांच्या टपांवरचे दव गोठते आणि आपल्याच दैनिकात पहिल्या पानावर त्याचे छायाचित्र येते. मेढ्यासारख्या खोऱ्यातल्या गावांनाही डिसेंबरातल्या पहाटे हाच अनुभव येतो. त्यामुळे टेकाडावरच्या बंगल्याचा हीटर पाहून तळ्याकाठच्या बंगल्याने खरेदी करू नये.

हे झाले खोलीचे. वायरीची गोष्ट मात्र घरातच घडलेली सांगतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, जावळी तालुक्यात सासरच्या जुन्या घरात राहते. तिच्या मुलाने पुण्याहून 2000 वॉटचा पंख्याचा हीटर आणून दिला. हीटर चांगला होता, त्यावर आयएसआयचा शिक्का होता, प्लग जाड पिनांचा होता. घरात जाड पिनांचे सॉकेट नव्हते, म्हणून दुकानदाराने दिलेला एक पांढरा अ‍ॅडॉप्टर लावून तो देवघराशेजारच्या बारीक सॉकेटात बसवला गेला. ते सॉकेट 6 अँपिअरचे. हीटर ओढतो 8.7. सॉकेटामागे दिव्यांच्या लाइनची 1 चौरस मिलिमीटरची वायर, तीही 35 वर्षांची. पूर्वी त्या लाइनचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून कधीतरी कुणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खोबणीत, जाड तार घालून ठेवलेली. त्यामुळे उडून सावध करणारी एकमेव वस्तूही गप्प बसवली गेली होती.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी अक्काला घरात मासळीचा वास येऊ लागला. पूजा मांडलेली, घरात उपास, आणि हा वास. तिने आधी शेजारच्या सुनेला विचारले आणि त्यावरून दोन घरांत दोन दिवस अबोला झाला. मी शुक्रवारी सहज गेलो, दारातून आत पाऊल टाकताच तो वास ओळखला. जुन्या सॉकेटाचे प्लास्टिक आतून तापू लागले की अगदी मासळीसारखा वास येतो. आमच्या खात्यातल्या प्रत्येक वायरमनला तो ठाऊक असतो. प्लग ओढला तर पितळी पिना काळ्या-निळ्या झालेल्या, अ‍ॅडॉप्टरचे एक भोक पघळून लांबट झालेले आणि सॉकेटामागची वायर हातात घेताच तिचे आवरण पापडासारखे तुटले. भिंतीला लाकडी पट्टी होती. आणखी चार रात्री गेल्या असत्या तर मी हे पत्र वेगळ्या कारणाने लिहिले असते.

यामागचे गणित अवघड नाही. सॉकेटाची पकड सैल झाली आणि पिनेशी अर्धा ओहम इतका रोध आला, तर 8.7 अँपिअरच्या प्रवाहाने त्या एका बिंदूवर 38 वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची सळई साधारण 25 वॉटची असते आणि ती शिसे-कथील वितळवते. म्हणजे अक्काच्या देवघराशेजारी भिंतीत दीडपट ताकदीची एक सळई रोज संध्याकाळी तीन तास पेटलेली होती. यात दोष हीटरचा अजिबात नव्हता, आणि हीटर बदलून तो गेलाही नसता.

म्हणून माझी विनंती अशी की हीटर पसंत करण्यापूर्वी वायरमनला बोलवावे आणि ज्या खोलीत तो लावायचा तिथे 16 अँपिअरचे सॉकेट, त्याला थेट वितरण पेटीतून आलेली निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि तिच्यावर योग्य क्षमतेचा एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे उघडून पाहून घ्यावे. तोंडी ‘आहे’ यावर विसंबू नये. एक्स्टेंशन बोर्डावर हीटर कधीच नको. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवून घ्यावा. हीटरपेक्षा तो आधी घ्यावा, असेच म्हणेन. पाचगणी-महाबळेश्वरकडे अर्थिंग हा आणखी एक नाजूक विषय आहे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, पावसाळ्यात मोजलेला आकडा मार्चमध्ये राहत नाही, तेव्हा मोजमाप कोरड्या दिवसांत करावे आणि खड्ड्यात पाणी घालण्याचा कंटाळा करू नये. एकाच वेळी गिझर, हीटर आणि इंडक्शनची शेगडी लागली तर 25 अँपिअरच्या आसपास भार होतो. आपला मंजूर भार आणि मेन स्विच तेवढ्याचा आहे का, हे वीजबिलावर आणि पेटीवर वाचता येते. आणि घरातल्या इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही. तो लावून पाहणाऱ्या एका गृहस्थाने इन्व्हर्टर खराब निघाल्याची तक्रार माझ्याकडे केली होती.

ग्रामीण भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. दाब कमी असला की हीटरची ऊब दाबाच्या प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात उतरते. शेतीपंप चालू असताना घरात 190 व्होल्ट मिळत असतील, तर 2000 वॉटचा हीटर जेमतेम 1365 वॉटचे काम करतो. अशा वेळी हीटर कमजोर निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नये, आणि आणखी मोठा हीटर तर मुळीच आणू नये, कारण त्याने दाब अजूनच खाली जातो.

बिलाविषयी थोडक्यात. 2000 वॉटचा हीटर रोज तीन तास पूर्ण ताकदीने चालला तर महिन्याला 180 युनिट होतात. ज्यांचा वापर एरवी 140 युनिट आहे त्यांचे 320 होतील, म्हणजे बरेचसे युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात आणि वरचे 20 त्याहून चढ्या दराच्या टप्प्यात पडतील. हिवाळ्याच्या बिलाने दचकणाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो की मीटर पळत नाही, टप्पा बदलतो.

एवढे सगळे असूनही ज्यांना खरोखर सगळे घर तापवायचे आहे, वृद्ध आई-वडील आहेत किंवा बंगला पर्यटकांना राहायला द्यायचा आहे, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी एक साधन आहे आणि पुरवणीतल्या मजकुरात नेमका त्याचाच उल्लेख नाही. गरम आणि थंड दोन्ही हवा देणारा इन्व्हर्टर एसी. वर मी म्हणालो की एका युनिटापासून 860 किलोकॅलरीच मिळते. हा एसी तो नियम मोडत नाही, पण तो उष्णता तयार करण्याच्या फंदातच पडत नाही. विहिरीवरचा पंप जसा पाणी तयार करत नाही, उचलतो, तसा हा बाहेरच्या गार हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर सात-आठ अंश असताना दीड टनाचा चांगला एसी साधारण दीड किलोवॉट विजेवर साडेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता खोलीत सोडतो. बाहेर उणे 15 अंश असले की या पंपाची दमछाक होते, म्हणून थंड देशांत त्याच्या मदतीला फर्नेसची वेटोळी ठेवतात. माझ्या मुलीनेही पुढे तेच केले आणि आता तिचे ते कपाट फक्त कडाक्याच्या रात्री जागे होते. आपल्या डोंगरावरची थंडी मात्र या पंपाच्या अगदी सोयीची आहे. तळ्याकाठच्या दमट पहाटे बाहेरच्या जाळीवर बर्फ धरून तो पाच-दहा मिनिटे थांबेल, तेवढे सोसावे. खरेदी करताना एक काळजी घ्यावी: एसीवरचे तारे थंड हवेसाठीच्या मोजणीवर दिलेले असतात, त्यावरून तो गरम किती चांगला करतो हे कळत नाही. गरम करण्याची क्षमता आणि त्यासाठी लागणारी वीज हे दोन आकडे माहितीपत्रकात वेगळे छापलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागावे आणि उत्तर तीनच्या खाली असेल तर दुसरे मॉडेल पाहावे. काही स्वस्त यंत्रांत ‘हॉट’ लिहून आत साधे वेटोळेच बसवलेले असते. तिथे या भागाकाराचे उत्तर 1 च्या वर जात नाही.

पावसाळ्यासाठीही हा एसी उपयोगी पडतो. महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, घरांना गवताच्या झडी बांधल्या तरी गाद्यांना बुरशी येते आणि लोक तेलाच्या हीटरवर मुलांचे गणवेश वाळत घालतात. हीटरवर कपडे घालणे हा आग लावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. एसीचा ओल शोषण्याचा पर्याय त्यासाठी वापरावा.

शेवटी दोन विनंत्या. पुरवणीच्या पुढच्या अंकात ‘कमी वीज खाणारा हीटर’ हे शब्द आपण दुरुस्त करून घ्यावेत. आणि बंगले बांधून विकणाऱ्यांच्या जाहिराती आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांनी ‘सेंट्रल हीटिंगची सोय’ असे छापण्याऐवजी प्रत्येक खोलीतल्या सॉकेटामागे किती चौरस मिलिमीटरची वायर आहे आणि घराचा मंजूर भार किती, हे छापावे असा आग्रह आपण धरावा. अक्काच्या घरी मी नवी लाइन ओढून घेतली. हीटर जुनाच आहे आणि शेजारच्या सुनेशी बोलणेही सुरू झाले आहे. नकाशात फर्नेसची खोली काढलेले ते गृहस्थ परवा पुन्हा भेटले. त्या खोलीत आता पावसाळ्यात कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधणार आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वीज कर्मचारी,
शाहूपुरी, सातारा